विश्वसंचयची कुवेत शाखा

मनोहर खांडगे दोन्ही मनगटांवर घड्याळं घालायचा. डाव्या मनगटावर आपली वेळ, उजव्यावर लंडनची. काळेवाडीतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसे, पण लंडनला किती वाजले असतील हे खांडगेला विचारलं की ताबडतोब कळायचं. त्याच्यापुढे चहाचा कप धरला तर तो आधी उजवं मनगट बघायचा, "तिकडे अजून पहाट आहे," असं गंभीरपणे म्हणायचा आणि मगच कप घ्यायचा. मला या माणसाचा पहिल्यापासून तिटकारा होता. आता सगळं होऊन गेल्यावर शहाणपण सांगते आहे असं कुणी समजू नये. तेव्हाही मी हेच म्हणत होते, पण गल्लीच्या मते साळवीबाईंना सगळ्यांतच खोट दिसायची.

आमचे हे बासष्ट साली पिंपरीच्या कारखान्यात लागले आणि आम्ही कोकणातून काळेवाडीला आलो. मी तिथल्या शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची. आजूबाजूच्या खोल्यांत साताऱ्याचे, लातूरचे, नगरचे लोक. रहाटणीची दोन-चार जुनी घरंही गल्लीला लागूनच होती. सगळ्यांचा दिवस शिफ्टच्या भोंग्यावर चालायचा. खांडगे तेव्हा कारखान्याच्या कँटीनमध्ये कुपनं वाटायचा.

त्याची सुरुवात भिशीपासून झाली. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर स्टूल टाकून तो बसायचा आणि सुटलेल्या शिफ्टकडून भिशी गोळा करायचा. भिशी ही सरळ गोष्ट असते. सगळ्यांनी टाकायचं, ज्याची चिठ्ठी निघेल त्याने उचलायचं आणि लग्न, बाळंतपण, सायकल असं काहीतरी उरकून घ्यायचं. तोवर मीही त्या भिशीला नावं ठेवली नव्हती. पण सरळ गोष्टीत खांडगेचा जीव रमत नसे. भिशीचं 'कामगार संचय मंडळ' झालं, स्टुलाचं टेबल झालं, गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली उभी राहिली. मग त्याने नोकरी सोडली आणि बुशशर्टवर टाय लावायला सुरुवात केली. पुढे एका दसऱ्याला खोलीवर नवी पाटी लागली: 'विश्वसंचय इंटरनॅशनल, गुंतवणूक व्यवस्थापन'. त्याखाली बारीक अक्षरांत शाखांची नावं होती. रहाटणी आणि पुनावळे, म्हणजे जवळचीच दोन गावं.

"इंटरनॅशनल ते कुठून?" मी विचारलं.

"बाई, पैसा कमावणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. सांभाळणं हे शास्त्र आहे. लोकांनी कमवावा, आमच्याकडे द्यावा, आम्ही तो जगात फिरवतो."

"जगात म्हणजे कुठे?"

"छोटा विचार करू नका, बाई."

हे त्याचं आवडतं वाक्य. प्रश्न अडचणीचा झाला की हे वाक्य यायचं, आणि विचारणारा ओशाळून गप्प बसायचा. आमचे हे तर दर वेळी ओशाळायचे. घरी आल्यावर मला म्हणायचे, "तू त्यांना असं तोंडावर विचारत जाऊ नकोस. मोठा माणूस आहे." लोकांचा पैसा जगात फिरायला निघायचा तो पुनावळ्यापर्यंत जाऊन थांबायचा. तिथे खांडगेने मेहुण्याच्या नावावर वीटभट्टी घातली होती. हे गल्लीतल्या बऱ्याच जणांना माहीत होतं आणि तरीही ते त्याला साहेब म्हणायचे. मला राग खांडगेचा यायचा तितकाच या साहेब म्हणण्याचाही यायचा.

ऑफिसच्या कोपऱ्यात एक निळी सूटकेस उभी असायची. तिच्या मुठीला कुठल्याशा विमान कंपनीचं लेबल बांधलेलं. "कधी निघावं लागेल सांगता येत नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. हा माणूस लोणावळ्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता. एकदा दुपारी मी गेले तेव्हा सूटकेस उघडी होती आणि आत त्याचा जेवणाचा डबा होता.

सूटकेसच्या वर भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला होता. तो माझा. म्हणजे माझ्या शाळेचा. मुख्याध्यापकांना पटवून 'एका सभेपुरता' म्हणून त्याने तो नेला आणि परत आणलाच नाही. मागायला गेले की म्हणायचा, "बाई, तुमच्याकडे मुलं नुसती बघतात. इथे तो कामाला लागलाय." पुढची कितीतरी वर्षं माझ्या चौथीच्या मुलांनी आफ्रिका खडूची बघितली.

नकाशाशेजारी एक फोटो होता. त्यात एक गोरा माणूस, गळ्यात झेंडूचा हार, चेहरा अतिशय गंभीर. खाली लिहिलेलं, 'आमचे युरोपचे संचालक'. त्याची हकीकत अशी की जवळच्या एका कारखान्यात मशीन बसवायला कुणी जर्मन फिटर आला होता. त्याचं पोट बिघडलं आणि डॉक्टर शोधत तो चुकून आमच्या गल्लीत शिरला. खांडगेने त्याला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, हार घातला, कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला धावत बोलावून आणलं. तो बिचारा पोट धरून काहीतरी सांगत होता आणि हा दर वाक्याला "यस, यस" म्हणत होता. फोटो झाल्यावरच त्याला दवाखाना दाखवला. पुढे लोक तो फोटो बघून म्हणायचे, "काय विचारी चेहरा आहे, राव! कोट्यवधींचा व्यवहार डोक्यात असणार." मी हसले की आमच्या ह्यांना वाईट वाटायचं.

मग आखाताची लाट आली. वेल्डर, फिटर, गवंडी, जो तो पासपोर्ट काढायला धावू लागला. आमच्या गल्लीतून पहिला गेला दत्ताराम. रहाटणीच्या जुन्या घरातला, हाताने चांगला फिटर आणि स्वभावाने मऊ. कुणी जोरात बोललं की त्याला ते पटायचंच. जाण्याच्या आदल्या दिवशी गल्लीने रीतीप्रमाणे त्याला नारळ आणि फेटा दिला. आमच्याकडे परगावी जाणाऱ्याचा असा सत्कार व्हायचाच. खांडगे त्या सत्कारात घुसला, माइक हातात घेतला आणि दत्तारामला विश्वसंचयच्या कुवेत शाखेचा व्यवस्थापक म्हणून जाहीर करून टाकलं. माझ्या नकाशावर कुवेतच्या जागी लाल डोक्याची टाचणी टोचली. दत्तारामला कुवेतात पाइप जोडायचे होते. पण टाळ्या इतक्या वाजल्या की तोही हात जोडून हसला. त्याची बायको सुमन बाजूला उभी होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्या टाचणीने खांडगेचं भाग्य उघडलं. आता पाटीवर रहाटणी, पुनावळे आणि कुवेत अशी तीन नावं झाली. जे लोक इतके दिवस हात आखडून होते तेही पासबुकं घेऊन येऊ लागले. त्यांचा हिशेब साधा होता. आपला दत्ताराम तिकडे आहे, मग आपला पैसा एकटा कसा? त्या वर्षीच्या वार्षिक सभेत दत्तारामच्या आईला, कोंडाबाईला, पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. खांडगे दर महिन्याला ऑफिसपुढे उभा राहून 'कुवेत शाखेचा निरोप' सांगायचा. व्यवसाय भरभराटीला, सर्वांना नमस्कार. दत्तारामचं घरी येणारं कार्ड मात्र वेगळं असायचं. सुमन ते मला वाचायला आणायची. त्यात ऊन फार आहे आणि पगार थकलाय एवढंच असायचं.

वर्ष पुरं व्हायच्या आत ती कार्डं बंद झाली. सुमन रडवेली झाली होती. मग दसऱ्यानंतर ती एकदम शांत झाली, दर गुरुवारी पुनावळ्याला मावशीकडे जायला लागली. येताना तिच्या लुगड्याच्या काठाला लाल धूळ असायची. थंडी सरली तशी तिला दिवस गेल्याचं बायकांच्या लक्षात आलं.

नळावर काय झालं असेल ते सांगायला नको. नवरा कुवेतात आणि ही पोटुशी. आधी कुजबूज, मग मोठ्याने टोमणे, मग बायका तिचा हंडा रांगेतून उचलून बाजूला ठेवायला लागल्या. कोंडाबाईने बोलणं टाकलं. एका गुरुवारी संध्याकाळी तिने सुमनचं ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि म्हणाली, "दत्तू येऊन सांगंल तवा आत ये. तवर माज्या घरात तुजी जागा न्हाई." सुमन ते ताट तसंच घेऊन माझ्या दारात आली.

मी तिला आत घेतलं. पायावर पाणी घालायला दिलं, तर मोरीत पाणी लाल झालं. ती भट्टीची माती होती, आणि भट्टी खांडगेची. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"सुमन, दत्ताराम पुनावळ्यात आहे?"

"मला शपथ हाय, बाई. तोंडानं न्हाई बोलायची. तुमीच काय ते म्हना, मी नुसती मान हालवते."

मग मी विचारत गेले आणि ती मान हलवत गेली; उरलंसुरलं पुढे दत्तारामकडून कळलं. कुवेतचं काम बंद पडलं होतं. दत्ताराम रिकाम्या हाताने, पहाटेच्या गाडीने परत आला होता. गल्लीत शिरताना त्याला पहिला खांडगे भेटला. कुणी पाहिलंय का एवढंच त्याने विचारलं आणि तसाच टेम्पोत बसवून भट्टीवर नेला. दुबईला दुसरी नोकरी बघतो, तोवर इथेच राहा, नाहीतर लोक एका दिवसात पैसे मागायला उभे राहतील आणि सगळ्यांची राख तुझ्यामुळे होईल, असं सांगितलं. दत्तारामला ते पटलं. त्याला पटायचंच. सुमनला खांडगेने भट्टीवर बोलावून नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि शपथ घातली की हे कुणाला बोलायचं नाही. आता ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, असं ती धरून बसली होती. नवऱ्याचा जीव तिला पणाला लावायचा नव्हता. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण ती मानत होती, आणि खांडगेला ते पक्कं माहीत होतं.

मी तिला घेऊन ऑफिसात गेले. खांडगे नकाशाखाली बसून पान लावत होता.

"हिला शपथ सुटली म्हणा," मी म्हणाले.

त्याने आधी दार लोटलं. मग सुमनकडे बघून अगदी मायेने बोलला, "वहिनी, मला कळतं सगळं. पण सभा तोंडावर आलीय, दुबईचंही अजून जमायचंय. आज कुवेत शाखा बंद झाली तर उद्या विश्वसंचय बंद."

"आनि माजं?" सुमन म्हणाली. "मला घराभाईर काढलंय. लोक काय बोलत्यात ऐकलंया का तुमी?"

"लोक बोलतातच, वहिनी. चार महिने सोसा. एवढं संस्थेचं नाव राहू द्या."

"अन् माजं नाव?"

"छोटा विचार करू नका."

मी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. त्या दिवशी माझ्या हातात छत्री होती आणि ती मी फक्त घट्ट धरून ठेवली. बाईच्या अब्रूवर स्वतःची पाटी उभी करायची आणि वर तिलाच मोठं मन ठेव म्हणून सांगायचं, असा निगरगट्टपणा मी त्याआधी पाहिला नव्हता. बाहेर आल्यावर सुमन रडली नाही. मी म्हणाले, "मी जाऊन सांगते सगळ्यांना." ती म्हणाली, "नगा बाई. तुमचं ऐकून कोन घेनार? तुमी तर साहेबाला कायमच बोलता." ते खरं होतं.

वैशाखात वार्षिक सभा भरली, माझ्याच शाळेच्या पटांगणात. मांडव घातला होता. मागे पडद्यावर माझा नकाशा, पुढे व्यासपीठावर टेबल, टेबलामागे दोन घड्याळांवाला खांडगे. पहिल्या रांगेत कोंडाबाई मान ताठ करून बसली होती. खांडगेने कुवेत शाखेचा निरोप सुरू केला. "आपले दत्ताराम तिथे दिवसरात्र..." आणि तेवढ्यात मांडवाच्या मधल्या वाटेने सुमन चालत आली. तिने दत्तारामचं मनगट धरलं होतं. ती पुढे आणि तो तिच्या मागे, खाली मान घालून.

मांडवातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. मला वाटलं, संपला खांडगे. पण तो निमिषभरच अडखळला. मग टेबलावरचा हार उचलून धावत खाली आला आणि दत्तारामच्या गळ्यात घातला. "अहोभाग्य! कुवेत शाखेचे व्यवस्थापक खास सभेसाठी कालच विमानाने आले आहेत! टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालच आला म्हणजे सुमनचं काय झालं, हे टाळ्या वाजवता वाजवताच एकेकाच्या ध्यानात आलं असावं, कारण टाळ्या थांबल्या आणि सगळी मांडवभर माणसं तिच्या पोटाकडे बघायला लागली. हे खांडगेच्या लक्षात आलं नव्हतं असं मी कधीच मानणार नाही. आणि दत्ताराम हार घालून उभा होता आणि कसंनुसं हसत होता. त्या क्षणी मला त्याचीही किळस आली.

सुमनने शपथ मोडली नाही. ती खाली बसली, पदर घेतला आणि भर सभेत नवऱ्याचे पाय पुसले. मग उठून तो पदर तिने सासूसमोर धरला. पदर लालभडक झाला होता.

कोंडाबाई उठली. तिचं माहेर पुनावळ्याचं. तिने पदर बघितला, लेकाचे पाय बघितले, त्याचा पंजा उलटा करून नखांतली माती बघितली. "उडून आलेल्या मानसाचं पाय हायत व्हय हे? ही भट्टीची माती हाय. कवाधरनं हायेस रं तू हितं?"

दत्तारामने खांडगेकडे बघितलं, मग बायकोकडे. हार काढून टेबलावर ठेवला.

"दसऱ्यापासनं, आये. पुनावळ्यातच हाय मी. ही दर गुरवारी मलाच भेटाय येत व्हती."

कोंडाबाईने सगळ्यांसमोर, माफी मागावी तसे, सुमनचे दोन्ही हात आपल्या तोंडावर धरले. मला पुढचं थोडा वेळ दिसलं नाही, डोळे भरून आले होते. ऐकू मात्र आलं. मागच्या रांगेतून कुणीतरी काळजीने विचारत होतं, "साहेब, मग कुवेतचं कोण बघतंय हो?" एका बाईची अब्रू वाचली होती आणि या माणसांना शाखेची पडली होती. खांडगे म्हणाला, "छोटा विचार करू नका," पण या खेपेला कुणी ओशाळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसपुढे गर्दी झाली. पैसे नव्हतेच. शेवटी लोकांनी भट्टीवर जाऊन विटा वाटून घेतल्या. प्रत्येक विटेवर 'विश्व' असा छाप होता. काळेवाडीतल्या कितीतरी खोल्या त्या विटांनी वाढल्या. आमच्या ह्यांनी वाट्याला आलेल्या विटांची मोरी बांधली आणि ती बांधताना पहिल्यांदा मान्य केलं की मी म्हणत होते ते बरोबर होतं. सुमनला मुलगी झाली. दत्ताराम चिंचवडच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. नकाशा मी सभेच्या दिवशीच काढून घेतला होता. कुवेतच्या जागी त्याला भोक पडलं होतं, ते मी मागून कागद लावून चिकटवलं.

खांडगे आठवड्याभरात दिसेनासा झाला. निळी सूटकेसही गेली. गल्लीत बातमी आली की साहेब लंडनला गेले, तिकडून पैसा उभा करून सगळ्यांचा फेडणार आहेत. ती बातमी कुणी सोडली होती हे मला विचारायची गरज वाटली नाही. लोकांनी मात्र ती खरी मानली. हातात विटा घेऊन ती खरी मानली.

ऐंशी सालानंतर कधीतरी मी चाकणला गेले होते. बाजाराचा दिवस होता, म्हटलं कांदे घेऊन जावेत. एका आडत्याच्या वखारीत काट्याजवळ एक माणूस पोती मोजून घेत होता. टाय नव्हता. डावं मनगट उघडं होतं. उजव्या मनगटावर घड्याळ होतं आणि मी मुद्दाम बघितलं, ते आपलीच वेळ दाखवत होतं.

त्याने मला ओळखलं. पोतं सोडून धावत बाहेर आला आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, गल्लीत सगळे मला लंडनलाच समजतात ना अजून?"

"समजतात."

"मग कृपा करा. इथे पाहिलं म्हणून सांगू नका. घरच्यांना सासुरवाडीला ठेवलंय, तिथेही मी लंडनलाच आहे. हे कळलं तर लोक काय बोलतील? पैसा गेला, सगळं गेलं, बाई. एवढं नाव तरी राहू द्या. शपथ आहे तुम्हाला माझी."

इतकी वर्षं मी कल्पनेत त्याला काय काय बोलले होते, त्यातलं त्या वेळी काही आठवलं नाही. त्याचंच वाक्य तेवढं तोंडाशी आलं.

"लोक बोलतातच, खांडगे. चार महिने सोसा."

मला वाटलं, आता तरी याला काहीतरी लागेल. तो हातांची धूळ झटकू लागला. मग चांगला सल्ला मिळाल्यासारखी मान डोलावली, "तेही खरंच आहे म्हणा," असं म्हणाला आणि काट्यावर पुढचं पोतं चढवायला गेला.